काळीला काळी

सकाळी पावणेदहाला गायधनींची मोटार द्वारका चौकात बंद पडली. मागे आग्र्याकडे निघालेले ट्रक, पुढे वळण घेत थांबलेली सिटी बस, आणि मधोमध आभा गायधनी किल्ली फिरवत बसलेली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. दोन रिक्षावाल्यांनी उतरून गाडी कडेला घेतली आणि आभाने सांगितल्यावरून ढकलत वडाळा नाक्याला, भिमाजी वायरमनच्या दुकानासमोर आणून उभी केली. २००६ सालचा फेब्रुवारी महिना होता.

भिमाजी एका जीपच्या हॉर्नला तार जोडत बसला होता. शेजारचा डेंटर चंदर पत्रा ठोकायचा थांबला आणि ओरडला, "वायरमन, तुमची लेक परत माहेरी आली हो!"

आजूबाजूचे हसले. भिमाजी हसला नाही. त्याने आधी गाडीत कोण आहे ते पाहिलं. स्टिअरिंगवर आभा होती, म्हणजे चंदरने महिन्यापूर्वी आणलेली बातमी खरी होती. गेणूला काढलं होतं.

गेणू हा गायधनींचा ड्रायव्हर. मूळचा चांदवडकडचा, पंचवटीत खोली घेऊन राहणारा. आभाचे वडील वेणीमाधव गुरुजींना त्र्यंबकला नेणं, आई इंदिराबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणं, आभाला नाशिक रोडच्या ऑफिसात सोडणं, सगळं तोच करायचा. गाडीला काही झालं की तो ती भिमाजीकडेच आणायचा. दुसरा कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर सांगायचा, "आपला वायरमन ठरलेला हाय."

दिवाळीनंतर एकदा तो अशीच गाडी घेऊन आला होता. उंदराने इंजिनाजवळच्या तारा कुरतडल्या होत्या. सायलेन्सरच्या नळीवर एक सेन्सर असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त सोडतो. त्या सेन्सरच्या चार तारा तुटल्या होत्या आणि त्या गाडीच्या तारांना जोडणारा मधला प्लग उंदराने निकामी केला होता. भिमाजीने प्लग कापून टाकला आणि तारा समोरासमोर जोडल्या. सेन्सरकडून आलेल्या तारांत दोन पांढऱ्या होत्या, एक राखाडी आणि एक काळी. गाडीकडच्या तारांचे रंग वेगळे होते, पण त्यातही एक काळी होती. भिमाजीने काळीला काळी जोडली.

यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. वीस-बावीस वर्षं त्याने जीपा आणि टेम्पो उघडले होते. त्यांच्यात काळी तार म्हणजे अर्थिंग. ती थेट बॉडीला जाते, तिच्यात चूक होऊ शकत नाही. दुकानात कामाला येईल त्याला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा: काळी दिसली की आधी ती बसवून मोकळं व्हा, मग बाकीच्यांकडे बघा. उरलेल्या तारा त्याने अंदाजाने जुळवल्या. गाडी सुरू झाली. जोडांवर त्याने नेहमीप्रमाणे लाल टेप गुंडाळली. बाकीचे काळी टेप लावायचे. आपलं काम ओळखू यावं म्हणून भिमाजी लाल वापरायचा.

थोड्या दिवसांनी गेणू आला. स्टिअरिंगसमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता. भिमाजीने बॅटरीची तार काढली, चहा होईपर्यंत थांबला, पुन्हा लावली. दिवा गेला. पुढच्या आठवड्यात परत लागला. तेव्हा गेणू म्हणाला, "भाऊ, मागून धूर काळा येतो. वासपन मारतो लय. त्या उंदराच्या वायरी एकदा बघता का?"

"वायरी मी लावल्यात, गेण्या."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"चांगल्या पंपावर पेट्रोल भर. नवीन गाड्यांचे दिवे असेच नखरे करतात."

गेणू गेला. त्याने पंप बदलला. धूर तसाच राहिला.

मग संक्रांतीच्या सुमारास इंदिराबाई स्वतः आल्या. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गाडीतून उतरल्या, गुडघा सावरत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भिमाजी, तुम्ही काम केल्यापासून गाडीचं ॲव्हरेज पार पडलंय. निम्म्यावर आलंय म्हणा ना. हे कसं काय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. चंदरने हातोडी खाली ठेवली होती. गेणू बॉनेटला टेकून उभा होता. भिमाजीने त्या क्षणी बॉनेट उघडलं असतं तर लाल टेप समोरच होती. पण दोन गिऱ्हाइकांसमोर, 'तुम्ही काम केल्यापासून' हे शब्द हवेत असताना, आपलाच जोड सोडून बघायचा? त्याने हात पुसले आणि म्हणाला,

"गाडी कुठं पेट्रोल खाते, बाई? गाडीला तोंड असतं का? खाणारी तोंडं वेगळी."

चंदर खो खो हसला. गिऱ्हाइकं हसली. गेणूही हसला. त्याला वाटलं, भाऊ पंपवाल्यांबद्दल बोलताहेत. फक्त इंदिराबाई हसल्या नाहीत. त्यांनी गेणूकडे पाहिलं, आणि त्या पाहताहेत हे भिमाजीला दिसलं. तो पुढे एक शब्द बोलला असता तर तो संशय तिथेच फिटला असता. तो बोलला नाही. वळून जीपच्या कामाला लागला.

दोन-चार दिवसांत चंदरने बातमी आणली की गायधनींनी ड्रायव्हर काढला, पेट्रोल काढून विकत होता म्हणे. "तुम्ही बरोबर ताडलंत, वायरमन," चंदर म्हणाला. भिमाजीने रेडिओचा आवाज वाढवला होता.

आता तीच गाडी समोर उभी होती आणि आभा सांगत होती, "भिमाजीकाका, मला कळतच नाहीये. महिना झाला, गाडी मीच चालवते. किल्ली माझ्याकडे, पेट्रोल मी भरते, गाडी फाटकाच्या आत. तरी ॲव्हरेज तेच. उलट आणखी कमी. मग हे पेट्रोल जातंय कुठे?"

"बघतो, ताई. बसा तुम्ही."

त्याने स्टूल पुसून दिलं. ती बसली नाही, गाडीपाशीच उभी राहिली.

स्पार्क प्लग काढले तर ते काजळीने माखलेले. पेट्रोल जास्त जाऊन इंजिन गुदमरलं होतं, हे चंदरलासुद्धा कळलं असतं. भिमाजीने प्लग साफ केले, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलच्या नळ्या चाचपल्या, टाकीखाली वाकून गळती बघितली. बघण्यासारखं सगळं त्याने बघितलं. लाल टेपकडे हात नेला नाही. ते त्याचं त्यालाच जाणवलं. आपण चोराचं घर सोडून शेजारच्या सगळ्या घरांची झडती घेतोय, असं त्याला वाटलं.

शेवटी त्याने गाडी सुरू करून इंजिन गरम होऊ दिलं, मीटर आणला आणि टेप सोडली. लाल टोक सेन्सरची बातमी कॉम्प्युटरला नेणाऱ्या तारेला, काळं टोक अर्थिंगला. मीटरवर आकडा आला, आणि आकड्याआधी एक बारीक आडवी रेघ.

उणे.

टोकं चुकून उलटी धरली असतील म्हणून त्याने अदलाबदल केली. रेघ गेली. पुन्हा सरळ धरली. रेघ आली.

त्याच जातीची एक गाडी दिव्यांच्या कामासाठी दुकानात उभी होती. तिच्या तारांना कुणी हात लावला नव्हता. भिमाजीने तिचं बॉनेट उघडलं आणि तो सेन्सरचा प्लग शोधून वाकला. सेन्सरकडून काळी तार येत होती. प्लगच्या पलीकडे तिच्या समोर काळी नव्हती, निळी होती. पलीकडची काळी राखाडीसमोर बसली होती.

तो तसाच वाकून राहिला. या सेन्सरची काळी तार अर्थिंगची नव्हतीच. तीच बातमी सांगणारी होती. ती त्याने अर्थिंगला बांधून टाकली होती आणि अर्थिंग कॉम्प्युटरच्या कानाशी लावलं होतं. धुरात पेट्रोल जास्त आहे असं सेन्सर सांगायचा, कॉम्प्युटरला उलटं ऐकू जायचं, आणि तो आणखी पेट्रोल सोडायचा. तीन महिने. गाडीच पेट्रोल खात होती.

"सापडलं का?" आभाने विचारलं.

"जोड जरा... इकडंतिकडं झाला होता."

त्याने तारा सोडवल्या, काळी निळीला दिली, राखाडी काळीला. मीटरवरचा आकडा आता खालीवर होऊ लागला, चालत्या इंजिनाचा व्हायला हवा तसा. काम पाच मिनिटांचंही नव्हतं. गेणू दुसऱ्यांदा आला होता तेव्हाही ते पाच मिनिटांचंच होतं.

"चला, सुटले," आभा म्हणाली. "आईला सांगते. ती परवाच म्हणत होती, भिमाजींनी गेणूला नजरेने ओळखलं, आपण वर्षानुवर्षं बरोबर राहून ओळखलं नाही."

भिमाजीने पक्कड उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"ताई, ती वायर मीच उलटी जोडली होती. उंदराच्या वेळी. पेट्रोल तेव्हापासून जातंय. गेणूनं काही घेतलं नाही."

चंदरचं ठोकणं थांबलं होतं. आभाने किल्लीसाठी हात पुढे केला.

"हे आईला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर म्हणेल, ही गेणूदादाची बाजू घेते. तेव्हाही हेच म्हणाली होती."

ती गेल्यावर चंदर जवळ आला. नेहमीप्रमाणे काहीतरी बोलेल म्हणून भिमाजी वाट बघत होता. एखादा टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं. चंदर म्हणाला, "चहा सांगू का?" आणि उत्तराची वाट न बघता परत गेला.

संध्याकाळी भिमाजी पंचवटीत गायधनींच्या घरी गेला. इंदिराबाई ताटात मटार सोलत होत्या. वेणीमाधव गुरुजी झोपाळ्यावर बसले होते. भिमाजी दाराशीच उभा राहिला आणि जे झालं ते त्याने सांगितलं. तारांचे रंग सांगायला लागला तेव्हा इंदिराबाईंनी हाताने थांबवलं.

"रंग राहू द्या. तुम्ही तर म्हणालात, खाणारी तोंडं वेगळी."

"म्हणालो."

"मग?"

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, बाई."

"नाव घ्यायला तिथं दुसरं होतं कोण? मी आणि तो. मी पेट्रोल प्यायले असेन असं तुम्हाला म्हणायचं होतं का?"

'नाव घेतलं नव्हतं' हे वाक्य भिमाजी येताना रस्ताभर मनात घोळवत आला होता. उच्चारल्याबरोबर ते किती पोकळ आहे ते त्याला कळलं.

"मीही त्याला चोर म्हटलं नाही हो," इंदिराबाई गुरुजींकडे वळून म्हणाल्या. आवाज उतरला होता. "एवढंच म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस."

"म्हटलं नाहीस," गुरुजी म्हणाले. "फाटकात उभं करून किल्ली मागून घेतलीस. समोरचे पटवर्धन बघत होते. मग भजनाला जाऊन सांगितलंस. त्या पोराला या गल्लीत कुणी गाडी दिली का नंतर?"

इंदिराबाईंनी एक शेंग सोलली. दाणे ताटात पडायच्या ऐवजी टरफलांत पडले. त्यांनी ते वेचले नाहीत.

"त्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याशी बोलेन."

आभाने गेणूचा मोबाइल लावला. बंद होता. आधीही लावला होता, ती म्हणाली, संक्रांतीनंतर दोनदा. गुरुजी म्हणाले, "त्याच्या घरी जाऊ. मी येतो तुमच्याबरोबर."

"नको गुरुजी. मी जातो."

रविवारी भिमाजी मोटरसायकल काढून चांदवडला गेला. गेणूचं घर गावाबाहेर मळ्यात होतं. त्याची आई रंगूबाई अंगणात रांगड्या कांद्याची पात कापत बसली होती. समोर कांद्याचा ढीग, बाजूला पातीचा.

"कोन म्हनायचं?"

"भिमाजी. नाशिकहून आलो. वडाळा नाक्याला दुकान आहे माझं..."

"वायरमनभाऊ का!" म्हातारी विळा टाकून उठली. "आवो या, बसा की. गेणू लय नाव घेतो तुमचं. आमचा भाऊ डोळे झाकून वायर जोडतो, म्हनतो."

भिमाजी बाजेच्या कडेवर टेकला. तो नको म्हणत असतानाही रंगूबाईने चहा टाकला.

"गेणू कुठं आहे, मावशी?"

"सुरगाण्याकडं. जीप चालवतो कुनाची तरी. शीटा भरायच्या, डोंगरात सोडायच्या. नाशकात बरं चाललं व्हतं. पन बाईची पोर गाडी शिकली म्हनं. मग ड्रायव्हर कशाला पायजे? मीच निघालो, म्हनतो, त्यांना सांगाया जड जात व्हतं. मानसं लय चांगली व्हती म्हनतो."

गेणूने आईला काही सांगितलं नव्हतं. चोरीचा आळ आला होता हे या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. 'तुमच्या मुलाने चोरी केली नाही' एवढं जरी भिमाजी आत्ता म्हणाला असता, तरी म्हातारीला आधी हे कळलं असतं की तसं कुणीतरी म्हटलं होतं. माफीचे सगळे शब्द तो घेऊन आला होता, आणि त्यांतला एकही इथे काढता येत नव्हता.

"गायधनींनी परत बोलावलंय त्याला," तो म्हणाला. "सांगायला आलो."

"मग त्यांनी फोन नाय केला?"

"लागत नाही."

"हां, डोंगरात रेंज नाय म्हनतो." रंगूबाईने विळा हातात घेतला, पण कापायला सुरुवात केली नाही. "भाऊ, एक इचारू? एवढं गाडी काढून तुम्ही आले. त्याचं काही चुकलं तर नव्हतं ना तिथं? पोरं आईला सांगत नाय."

"नाही. त्याचं काही चुकलं नाही."

"मग कोनाचं चुकलं?"

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. चंदर नव्हता, गिऱ्हाइकं नव्हती, कुणी हसणार नव्हतं. भिमाजी म्हणाला, "वायरीचं."

म्हातारीला त्यातलं काही कळलं नाही. कळलं नाही म्हणून तिने मान डोलावली, आणि निघताना पिशवीभर कांदे मोटरसायकलला बांधून दिले. त्याला नको म्हणवलं नाही.

घाटातून खाली येताना त्याने दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा वाटलं, मागे फिरावं, 'वायरीचं नाही, माझं' एवढं सांगावं. दोन्ही वेळा त्याने आणखी एक गोष्ट मनाशी कबूल केली: म्हातारीच्या जिवासाठी आपण गप्प राहिलो, हे पूर्ण खरं नव्हतं. 'डोळे झाकून वायर जोडतो' हे तिच्या तोंडून ऐकल्यावर तिच्यासमोर लहान व्हायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

पुढच्या रविवारी तो सुरगाण्याला गेला. स्टँडवर जीपा उभ्या होत्या, टपावर पोती चढत होती. पहिला ड्रायव्हर म्हणाला, गेणू उंबरठाण लाइनला आहे. दुसरा म्हणाला, छे, तो गुजरातच्या हद्दीपलीकडे वांसद्याच्या फेऱ्या मारतो, चार-चार दिवस इकडे येत नाही. तिसरा, यादव नावाचा, गेणूबरोबर एकाच खोलीत राहणारा निघाला.

"काय निरोप आहे, सांगा. भेटला की देतो."

भिमाजी अडखळला. जीपवाले पाच-सहा जण भोवती उभे होते. चोरीचा शब्द इथे उच्चारला की तो गेणूच्या मागे इथेही लागणार. पंचवटीत गेणूला नकोसं करायला त्याच्याच तोंडचं एक अर्धवट वाक्य पुरलं होतं.

"त्याला सांगा, भिमाजी आला होता. म्हणावं, काळी वायर उलटी लागली होती. मीच लावली होती. त्या उंदराच्या वेळी."

यादव हसला. "एवढ्यासाठी नाशिकवरून आले?"

"त्याला कळेल. आणि गायधनींकडं, गल्लीत सगळ्यांना सांगितलंय म्हणावं. सगळ्यांना."

हे मात्र पुरतं खरं नव्हतं. इंदिराबाई भजनाला गेल्या होत्या, पण तिथे त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. आभाकडून ते भिमाजीला आदल्याच दिवशी कळलं होतं.

त्यानंतर फोन बंदच लागत राहिला. दुकानात जोडांना आता काळीच टेप लागते. लाल टेपचं रीळ भिमाजीने चंदरला देऊन टाकलं. आभा गाडी घेऊन एकदा आली होती, हॉर्नसाठी. ॲव्हरेज पहिल्यासारखं झालंय, असं तिने सांगितलं. गेणूबद्दल तिने विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी यादव नाशिकला जीपचे पार्ट घ्यायला आला आणि दुकानात डोकावला. निरोप दिला, म्हणाला.

"काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"काहीच नाही?"

"दोनदा सांगायला लावलं. मग शीटा भरल्या होत्या, त्यानं जीप काढली."